भागीदारीचेही उपविधी असतात

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सभागृहात झालेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्त्या बी विंगमधील रहिवासी असून व्यवसायाने अनुवादक आहेत.)



समितीने मला सांगितलं की, "तुम्ही बारा वर्षं पार्टनरशिपमध्ये काम केलंत आणि भांडण झालं नाही, तर त्यावर बोला." आता, भांडण झालं नाही हे काही खरं नाही. पुष्कळ झाली. पण भागीदारी संपवताना आमचा हिशेब दीड तासात मिटला, त्यानंतर आम्ही दोघींनी बसून चहा घेतला, आणि ज्या माझ्या भागीदार होत्या त्या आज कोल्हापूरहून मुद्दाम इथे आल्या आहेत. तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. मी काही जास्तीचं सांगायला लागले तर त्या हात वर करतील, असं आमचं ठरलं आहे.

हा विषय मी घेतला त्याला कारण आहे. २००० साली आपण इथे राहायला आलो तेव्हा बहुतेक सगळे नोकरदार होते. सकाळी आठ वाजता गेटसमोर कंपनीच्या बसची वाट बघणारे, दहाला बँकेत जाणारे. आज आपल्याच सोसायटीत घरून स्वतंत्र काम करणारी कितीतरी मुलं-मुली आहेत. कुणी आर्किटेक्ट, कुणी फिजिओथेरपिस्ट, कुणी व्हिडिओ एडिटिंग करतं, कुणी लोकांचे कर भरून देतं. लिफ्टमध्ये भेटले की सांगतात, "काकू, मी आणि माझा मित्र मिळून काहीतरी सुरू करतोय." मी विचारते, "काही लिहून ठेवलंय का?" तर म्हणतात, "लिहायचं काय त्यात? आम्ही कॉलेजपासूनचे मित्र आहोत." हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आजचं भाषण त्यासाठीच आहे असं समजा.

आधी आमच्याबद्दल थोडं सांगते. मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. कथा-कादंबऱ्यांचा नाही, संस्थांचे अहवाल, आरोग्याच्या पुस्तिका, प्रशिक्षणाचं साहित्य, माहितीपत्रकं. मोबदला शब्दावर. माझ्या भागीदार डीटीपी करायच्या, म्हणजे पानांची मांडणी, अक्षरजुळणी, छपाईसाठी फाइल तयार करणं. मोबदला पानावर. त्या त्यांच्या घरी, मी माझ्या घरी. ओळख झाली ती एका संस्थेच्या पुस्तिकेमुळे. अनुवाद माझ्याकडे होता आणि मांडणी त्यांच्याकडे, आणि आम्ही एकमेकींना पाहिलंही नव्हतं.

त्या काळी आमच्या धंद्यात एक मोठी डोकेदुखी होती. मी युनिकोडमध्ये टाइप करायचे आणि डीटीपीवाले पेजमेकरमध्ये काम करायचे. पेजमेकरला युनिकोड कळत नाही. त्यामुळे मजकूर त्यांच्याकडच्या जुन्या फाँटमध्ये बदलून घ्यावा लागे, आणि बदलताना जोडाक्षरं फुटायची, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसायचे, कधी अर्धा र गायबच व्हायचा. पुस्तिका छापून आली की संस्थेचे लोक मला म्हणायचे, "बाई, तुमच्या मराठीत चुका आहेत." मी म्हणायचे, डीटीपीवाल्यांना विचारा. डीटीपीवाले म्हणायचे, आम्हाला मजकूर असाच आला. आम्ही दोघीही आपापल्या जागी बरोबर होतो आणि चुकीची पुस्तिका मात्र लोकांच्या हातात गेलेली असायची.

एकत्र यायचं कारण आम्हाला तिथे सापडलं. माझं काम जिथे संपतं आणि त्यांचं जिथे सुरू होतं, त्या मधल्या फटीत ग्राहकाचं नुकसान होत होतं. ती फट बुजवायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. एकत्र आलो तर ती आमची झाली असती, आणि तिचे पैसेही आम्हाला मिळाले असते.

तरुण मंडळींनी पहिली गोष्ट ही तपासावी. आपल्या दोघांच्या कामाच्या मध्ये अशी काही जागा आहे का, जी एकट्याला भरता येत नाही? नसेल, तर भागीदारी कशासाठी? एकट्याने काम करून कंटाळा येतो, हे कारण पुरेसं नाही. त्यासाठी एकत्र जागा भाड्याने घ्या, रोज दुपारी एकत्र डबा खा. जास्तीचं काम येतं आणि पुरं होत नाही, हेही पुरेसं नाही. ते काम दुसऱ्याला ठरलेल्या दराने द्या आणि त्याचं बिल चुकतं करा. भाडं वाटून घेणं, काम वाटून घेणं आणि धंदा वाटून घेणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कायद्यानेसुद्धा त्या वेगळ्याच आहेत.

आम्हीसुद्धा लगेच फर्म काढली नाही. वर्षभरात तीन कामं बरोबर केली, पण बिलं दोघींची वेगवेगळी. ग्राहकाला सांगितलं की काम एकत्र होईल, शेवटचं प्रूफ दोघी मिळून बघू, पैसे मात्र ज्याचे त्याला द्या. या तीन कामांत मला कळलं की त्या दिलेली तारीख चुकवत नाहीत, पण फोन उचलत नाहीत. त्यांना कळलं की मी फोन लगेच उचलते, पण शेवटच्या प्रूफातसुद्धा वाक्यं बदलत बसते. दोघींनाही समोरचीचा दोष चालण्यासारखा वाटला. मग २०१० साली पाडव्याला आम्ही फर्म सुरू केली.

आता लिहिण्याबद्दल. कराराचा मसुदा करायला बसलो तेव्हा आम्ही एकमेकींना 'अहो' म्हणत होतो. 'अगं'वर यायला पुढे तीन वर्षं लागली. मला वाटतं ते बरंच झालं. 'अहो' म्हणताना पैशाचं बोलायला संकोच कमी वाटतो.

कसं लिहायचं हे मात्र आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. त्या वेळी मी सोसायटीच्या कार्यकारिणीवर होते, घरात उपविधींचं पुस्तक होतं. मी ते चाळलं आणि वाटलं, हे तर सगळं तयारच आहे. बघा ना, सोसायटी म्हणजे काय? एकमेकांची फारशी ओळख नसलेल्या माणसांनी मिळून एक मालमत्ता सांभाळायची. त्यासाठी सभासद कोण, कुणाचे भाग किती, पैसे कुणाच्या सहीने काढायचे, निर्णय कसा घ्यायचा, थकबाकी झाली तर काय, सभासद वारला तर काय, हे सगळं आधी लिहिलेलं असतं. पार्किंगवरून आपण किती वाद घातले! पाण्याच्या टाकीवरून तर विचारूच नका. तरीही गणपतीत आपण एकत्र जेवतो. नियम लिहिलेले आहेत म्हणून वाद त्या नियमांपुरता राहतो, माणसांपर्यंत जात नाही. उपविधी नसते तर पंचवीस वर्षांत आपण एकमेकांशी बोलणं कधीच सोडलं असतं.

मग दोघांच्या धंद्याला उपविधी का नकोत?

आणि एक लक्षात घ्या. तुम्ही काही लिहिलं नाही तरी नियम असतातच. ते कायद्याने ठरवलेले असतात. आपल्याकडे भारतीय भागीदारी कायदा १९३२ सालचा आहे. तुम्ही आपसात काही ठरवलं नसेल तर हा कायदा काही गोष्टी गृहीत धरतो. नफा सारखा वाटायचा आणि तोटाही सारखा. मग एकाने रात्रंदिवस काम केलं असो आणि दुसऱ्याने महिन्यातून दोनदा तोंड दाखवलं असो. धंद्यात राबल्याबद्दल कुठल्याही भागीदाराला वेगळा पगार मागता येत नाही. धंद्याच्या नेहमीच्या व्यवहारात एकाने दिलेला शब्द दुसऱ्यालाही बांधतो. मुदत ठरवलेली नसेल तर कोणीही लेखी नोटीस देऊन भागीदारी मोडू शकतो. आणि फर्मची नोंदणी केलेली नसेल तर पैसे बुडवणाऱ्या ग्राहकावर फर्मच्या नावाने दावा लावायला गेलात की पहिली अडचण तीच येते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माझ्या भागीदारांच्या यजमानांनी विचारली. सही करायच्या आधी आम्ही चौघं, म्हणजे आम्ही दोघी आणि दोघींचे यजमान, याच बी विंगमध्ये माझ्या घरी बसलो होतो. ते शांत स्वभावाचे गृहस्थ. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "वहिनी, उद्या तोटा झाला तर आमच्या राहत्या घराला धोका आहे का?"

खरं उत्तर 'आहे' असंच होतं. साध्या भागीदारीत फर्मचं देणं हे प्रत्येक भागीदाराचं देणं असतं, एकत्रही आणि एकेकट्याचंही. घेणेकरी दोघांपैकी कुणाकडेही सगळी रक्कम मागू शकतो, आणि फर्मकडे पैसे नसतील तर भागीदाराच्या स्वतःच्या मालमत्तेपर्यंत जाऊ शकतो. जबाबदारी मर्यादित ठेवायची असेल तर २००८च्या कायद्याने आलेली एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारी, हा पर्याय आहे. पण तिथेही स्वतःच्या हातून झालेल्या गैरकृत्याची जबाबदारी सुटत नाही, आणि बँकेने वैयक्तिक हमी घेतली असेल तर ती राहतेच. शिवाय वर्षभरात व्यवहार झाला नाही तरी विवरणपत्रं वेळेवर भरावी लागतात. आमचा धंदा दोन संगणक आणि एक प्रिंटर एवढाच होता. म्हणून आम्ही साधी भागीदारी ठेवली, ती नोंदवली आणि त्या प्रश्नाचं उत्तर करारातच लिहिलं. फर्मच्या नावाने कर्ज घ्यायचं नाही. पंचवीस हजारांवरचा कुठलाही खर्च दोघींच्या सहीशिवाय नाही. बँकेचा चेक दोघींच्या सहीने. त्या गृहस्थांनी हे वाचलं आणि मगच पोहे खाल्ले.

म्हणून माझं सांगणं आहे, करार घरच्यांसमोर वाचा. नवरा, बायको, आई-वडील, ज्यांचं घर तुमच्या सहीने अडकणार आहे त्यांना तो कळला पाहिजे. पुढे काही बिनसलं तर घरचे लोक तुमच्या भागीदाराबद्दल काय बोलतील, हे त्यांना आधी किती सांगितलं होतं त्यावर अवलंबून असतं.

आता आमच्या करारातली चार कलमं सांगते. तुमचा धंदा वेगळा असेल, आकडे वेगळे असतील, पण हे चार प्रश्न सगळ्यांना पडतात.

पहिलं कलम पैशाचं. नफा अर्धा-अर्धा म्हणणं सोपं आहे, पण एका पुस्तिकेत अनुवाद जास्त असतो, दुसरीत नुसती चित्रं आणि मांडणी. म्हणून आम्ही ठरवलं की कामाचा मोबदला कामाप्रमाणे आणि उरलेला नफा निम्मा-निम्मा. उदाहरण सांगते. साठ हजारांचं काम असलं तर सहा हजार आधी राखीव निधीत. अनुवादाचे ठरलेल्या दराने चोवीस हजार मला, मांडणीचे चौदा हजार त्यांना. बाहेरचे मुद्रितशोधक आणि प्रिंट यांचे पाच हजार. तीन हजार त्या कामाचा ग्राहक सांभाळणारीला. राहिले आठ हजार, चार तिचे, चार माझे. भागीदाराला द्यायच्या मोबदल्याची करात वजावट हवी असेल तर तो कसा ठरणार हे करारात लिहावं लागतं, आणि वजावटीला मर्यादाही असते. तेवढं आपल्या सीएंकडून बघून घ्या.

त्या तीन हजारांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण ठिणगी तिथे पडते. स्वतंत्र काम करणाऱ्या माणसाला आपलं मुख्य काम दिसतं. अनुवाद दिसतो, पान दिसतं. पण ग्राहकाला चार वेळा फोन करणं, प्रूफ पोचवणं, "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हे ऐकून पुन्हा जाणं, थकलेलं बिल वसूल करणं, हे कुठल्याच बिलात लिहिलेलं नसतं. एकटे असताना आपण ते कुरकुरत करतो. दोघं झालो की मनात हिशेब सुरू होतो, मीच का? आम्ही त्या कामाला पाच टक्के भाव लावला. भाव लावल्यावर तक्रार उरली नाही, उलट फोन न उचलणाऱ्या आमच्या बाई चक्क वसुलीला जायला लागल्या.

दुसरं कलम नकाराचं. एक महिन्यापेक्षा जास्त चालणारं किंवा ठरलेल्या दरापेक्षा कमी पैशाचं काम घ्यायचं असेल तर दोघींचा होकार हवा. एकीचा नकार पुरेसा, आणि नकाराचं कारण द्यायची सक्ती नाही. दुसऱ्याच वर्षी एका एजन्सीकडून तीनशे पानांचं काम आलं. बारा दिवसांत हवं होतं, आगाऊ रक्कम नाही, दर कमी, पण पुढे मोठं काम देऊ असं आश्वासन. मला ते हवं होतं. त्या नाही म्हणाल्या. मी दोन दिवस गप्पगप्प होते. ते काम घेतलं असतं तर काय झालं असतं, हे आम्हाला आजही माहीत नाही. पण एक माहीत आहे, ते काम त्यांच्या मनाविरुद्ध घेतलं असतं तर बाराही रात्री जागायचं त्यांना होतं, मला नाही. ज्याला राबायचं आहे त्याला नाही म्हणता आलं पाहिजे.

तिसरं कलम बैठकीचं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक तास बसायचं आणि रजिस्टरमध्ये इतिवृत्त लिहायचं. यजमान हसायचे, "दोघींचं कोरम भरलं का?" पण विषयपत्रिका ठरलेली होती: बँकेतली शिल्लक, येणं बाकी, हातातली कामं आणि तक्रारी. तक्रारींच्या विषयात प्रत्येकीने निदान एक तक्रार मांडायचीच, असा नियम होता. काही नसलं तर काहीतरी शोधून मांडायची. त्यामुळे तक्रार करणं म्हणजे भांडण उकरणं असं वाटेनासं झालं. आपल्या वार्षिक सभेत सगळे वाद 'ऐनवेळचे विषय' मध्ये होतात आणि सभा रात्री अकरापर्यंत चालते. तक्रारींना विषयपत्रिकेत जागा दिली तर ऐनवेळी स्फोट होत नाही. नवीन कार्यकारिणीने याचा विचार करावा. (हशा)

चौथं कलम आजारपण, मृत्यू आणि निरोप यांचं. हे लिहिताना आम्हा दोघींना अवघड वाटलं होतं. शुभकार्याच्या वेळी असलं कशाला, असं माझ्या सासूबाई म्हणाल्यासुद्धा. पण सोसायटीत राहायला आल्यावर आपण नामनिर्देशनाचा फॉर्म भरतोच ना? तो भरला म्हणून कुणी अशुभ मानत नाही.

आम्ही लिहिलं होतं की एखादी आजारी पडली तर पहिले तीन महिने तिच्या सरासरी मासिक मोबदल्याइतकी पूर्ण रक्कम, पुढचे तीन महिने निम्मी, त्यानंतर फक्त नफ्यातला वाटा. हे पैसे राखीव निधीतून. तो दहा टक्क्यांचा निधी ही कल्पनाही सोसायटीचीच. आपण दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का सिंकिंग फंडात टाकतो, इमारत आज मजबूत असली तरी. माणसांचंही तसंच आहे.

२०१४ साली ते कलम वापरावं लागलं. त्यांच्या परवानगीने सांगते. मोठी शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचार झाले, सात महिने त्या संगणकाजवळ बसू शकल्या नाहीत. मांडणीचं काम आम्ही बाहेरून करून घेतलं. पहिल्या महिन्याचा चेक घेऊन मी त्यांच्या घरी गेले तर त्या घेईनात. म्हणाल्या, "मी काम करत नाही, मला हे नको. तुझ्या उपकाराखाली राहायला मला जमणार नाही." मी रजिस्टर आणि करार बरोबर नेला होता. म्हटलं, "हे मी देत नाहीये. नववं कलम देतंय. मी आजारी पडले असते तर तू दिलेच असतेस." त्यांनी कलम पुन्हा वाचलं आणि चेक घेतला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. चौथ्या महिन्यापासून रक्कम निम्मी झाली, तेव्हा मलाही मन मोठं करून पूर्ण देऊया असं वाटत होतं, आणि त्याच वेळी रात्री दोनपर्यंत जागून प्रूफ बघताना, 'किती दिवस एकटीने ओढायचं?' असंही वाटत होतं. माणसाच्या मनात दोन्ही असतं. कलम नसतं तर त्या महिन्यात मला कुठलं तरी एक मन निवडावं लागलं असतं, आणि नंतर त्याचा पश्चात्ताप झाला असता. कराराने माझी त्यातून सुटका केली. करार फक्त अविश्वासू माणसासाठी असतो असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हा प्रसंग सांगते. चांगल्या माणसांनाही अवघड दिवसांत किती द्यायचं आणि किती घ्यायचं हे कळेनासं होतं.

मृत्यूबद्दल एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट. भागीदाराचा मुलगा किंवा पत्नी आपोआप भागीदार होत नाही. आणि फर्ममध्ये दोघंच असतील तर एक गेल्यावर भागीदारीच उरत नाही, कारण एकट्याची भागीदारी नसते. उरतो तो हिशेब. आम्ही लिहिलं होतं की नव्वद दिवसांत हिशेब करायचा, वारसांची रक्कम सहा हप्त्यांत द्यायची, आणि ग्राहकांच्या फाइली काम पुरं होईपर्यंत राहिलेल्या भागीदाराकडे राहतील. ती वेळ आली नाही, देवाची कृपा.

निरोपाची वेळ मात्र आली. २०२२ साली त्यांच्या सासू-सासऱ्यांकडे बघायला म्हणून त्यांनी कोल्हापूरला जायचं ठरवलं. सहा महिने आधी नोटीस द्यायची असं करारात होतं, त्यांनी ती बैठकीत दिली, इतिवृत्तात नोंदली. ३१ मार्चला फर्म बंद करायची ठरली. कराराला आम्ही २०१० मध्येच एक परिशिष्ट जोडलं होतं. फर्म सुरू होण्याआधीचे माझे ग्राहक कोणते, त्यांचे कोणते. ते ज्याचे त्याच्याकडे परत गेले. एकत्र मिळवलेले ग्राहक कुणाकडे जातील हे त्या ग्राहकांनाच विचारलं. फर्मचं नाव मी ठेवलं, त्याबद्दल ठरलेली रक्कम त्यांना दिली. संगणक जिचा तिला. येणं बाकी जसजसं वसूल होईल तसतसं निम्मं. राखीव निधी निम्मा. एवढं सगळं दीड तासात झालं, कारण ठरवायचं काही नव्हतं, फक्त बेरजा करायच्या होत्या.

एक काम मात्र विसरू नका. फर्म बंद झाली की निबंधकांना कळवायचं, राजपत्रात आणि स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची. ती दिली नाही तर तुमच्या जुन्या भागीदाराने पुढे फर्मच्या नावाने केलेल्या व्यवहाराचं देणं तुमच्याही गळ्यात पडू शकतं. आमची नोटीस छापून आली तेव्हा कोल्हापुरातल्या त्यांच्या शेजारणीने घाबरून फोन केला, "काय झालं हो, भांडलात का?"

शेवटी तरुण मित्रांना दोन-तीन व्यावहारिक गोष्टी सांगते. वकिलांना वकील नसलेल्या व्यक्तीशी भागीदारी करता येत नाही. सीएंनाही कुणाशी भागीदारी करावी यावर बंधनं आहेत. तेव्हा तुमच्या व्यवसायाची परिषद असेल तर आधी तिचे नियम बघा. फर्मचा पॅन आणि बँक खातं वेगळं ठेवा, घरखर्च त्यातून करू नका. करार इंटरनेटवरून उतरवून घेऊ नका. आधी तुम्ही दोघांनी कच्च्या कागदावर, आपल्या भाषेत लिहा. पैसे कसे वाटायचे, नाही कसं म्हणायचं, तक्रार कुठे करायची आणि निघायचं कसं. मग तो कागद वकिलांकडे किंवा सीएंकडे न्या. आणि तो कागद लिहितानाच तुमचं कडाक्याचं भांडण झालं, तर वाईट वाटून घेऊ नका. पंधराशे रुपयांच्या खर्चात ते झालं. पुढे ते पंधरा लाखांत झालं असतं.

आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली. या काळात आपण कितीदा रंग काढला, लिफ्ट बदलली, सचिव बदलले. उपविधींचं पुस्तक मात्र कपाटात होतं आणि वेळ पडली की कुणीतरी ते काढत होतं. ज्यांनी पहिल्या वर्षी सभा घेऊन ते मंजूर केलं, त्या ज्येष्ठ सभासदांपैकी काही आज आपल्यात नाहीत. त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. पुढच्या पंचवीस वर्षांत या तीन विंगमधून अनेक फर्म निघोत, चालोत, आणि ज्या बंद होतील त्यांचे भागीदार एकमेकांकडे चहाला जात राहोत, एवढंच मागते.

 तिसऱ्या रांगेतून एकदाही हात वर झाला नाही, त्याबद्दल त्यांचे आभार.